वेक-ऑन-लॅन: हाक मारली की उठतो, पण 'ओ' देत नाही

आधीच सांगून टाकते, हा कुठल्या नव्या डब्याचा किंवा ॲपचा रिव्ह्यू नाहीये. हा एका फीचरचा रिव्ह्यू आहे, जे बहुतेक तुमच्या डेस्कटॉपमधे आत्ता या क्षणीपण आहे, फुकट आहे, आणि तुम्ही त्याला कधी हात लावलेला नाही. वेक-ऑन-लॅन, लॅन म्हणजे घरातलं नेटवर्क. कॉम्प्युटर बंद, तुम्ही दुसरीकडे कुठेतरी, नेटवर्कवरून एक छोटासा निरोप पाठवायचा आणि तो आपला आपण चालू होतो. आठ महिने झाले रोज वापरतेय. पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला हे सांगण्यासाठीच एवढं लिहायला बसलेय, कारण तो एक स्टार मिळवायला माझे तीन वीकेंड गेलेत.

मुळात हवं कशाला? माझं सगळं जड काम डेस्कटॉपवर, फोटो, व्हिडिओ, जुने प्रोजेक्ट, आणि मी आठवड्यातले चार दिवस एक हलका लॅपटॉप घेऊन बाहेर. मधेच काहीतरी लागतं जे फक्त डेस्कटॉपवर आहे. मग दोनच रस्ते, एकतर तो चोवीस तास चालू ठेवा, म्हणजे पंखे घरघरतायत, वीज जातेय, धूळ खातोय, नाहीतर घरी फोन करा. मी आधी दुसरा रस्ता धरला होता.

"अगं आई, टेबलाखाली काळा डबा आहे ना, त्याच्यावर एक गोल बटण आहे, ते दाब फक्त."

"दाबलं गं. निळा दिवा लागला."

"निळा? अगं तो मॉनिटर. डबा बघ, डबा. खाली."

"खाली दोन डबे आहेत."

दुसरा डबा यूपीएसचा. तो तिने बंद केला. राउटरपण त्याच यूपीएसवर, त्यामुळे आमचा व्हॉट्सॲप कॉल तिथेच कट झाला आणि पुढची दहा मिनिटं ती तिकडे आणि मी इकडे 'हॅलो हॅलो' करत बसलो. त्या रात्री ठरवलं की हे बास.

आता हे चालतं कसं ते थोडक्यात, कारण हे कळलं नाही तर पुढची कुठलीच भानगड कळत नाही. कॉम्प्युटर शटडाउन केला तरी पूर्ण मेलेला नसतो, पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टची एक बारीक लाईन मदरबोर्डला चालूच असते, तिला स्टँडबाय म्हणतात. त्या थोड्याशा विजेवर नेटवर्क कार्ड एक डोळा उघडा ठेवून पडलेलं असतं. प्रोसेसर झोपलाय, रॅम रिकामी, विंडोज वगैरे कुणी घरात नाही, फक्त हा वॉचमन जागा. त्याच्यासमोरून जाणाऱ्या पॅकेटमधे, म्हणजे नेटवर्कवरच्या निरोपात, तो एकच गोष्ट शोधतो: सहा वेळा एफएफ (एका बाइटची ठरलेली खूण), आणि त्याच्यामागे स्वतःचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डाचा स्वतःचा नंबर, सोळा वेळा. बास. मॅक ॲड्रेस ६ बाइटचा, सोळा वेळा म्हणजे ९६, सुरुवातीचे ६ धरून १०२ बाइट. याला मॅजिक पॅकेट म्हणतात. म्हणजे अक्षरशः जिन्यात उभं राहून एकाच माणसाला सोळा वेळा नावाने हाक मारायची, आणि ज्याचं नाव तो उठेल, बाकीचे कूस बदलून झोपतील.

हे काही नवीन नाही हो. एएमडी आणि एचपीने मिळून हे १९९५ च्या सुमाराला आणलं. तेव्हाच्या कार्डांना वेगळी तीन पिनांची वायर असायची, कार्डापासून मदरबोर्डापर्यंत ओढलेली, कारण स्लॉटमधून स्टँडबायची वीज मिळायची सोय नव्हती. पुढे स्लॉटच्या नव्या स्टँडर्डमधे, पीसीआय २.२ मधे, ती सोय आली आणि वायर गेली. आताच्या बोर्डावर तर नेटवर्क चिप बोर्डातच असते. थोडक्यात तीस वर्षं जुनी आयडिया आहे आणि अजून तशीच्या तशी चालते, याचं मला भारी कौतुक वाटतं.

पण एक गोष्ट त्यात तेव्हाही नव्हती, आताही नाही. उत्तर. तुम्ही पॅकेट पाठवता, ते पोचलं का, कार्डाने ऐकलं का, ऐकून दुर्लक्ष केलं का, काही म्हणजे काही कळत नाही. फोनवरचं ॲप मात्र मस्त हिरवी टिक दाखवतं, 'पॅकेट सेंट'. अरे सेंट झालं ते मलाही माहितीये, मीच बटण दाबलं ना. हाक मारली एवढंच ते सांगतं, समोरून 'ओ' आली की नाही ते नाही. माझा एक स्टार इथे गेला. कारण मधे पाच-सहा स्विच आहेत, बायॉसमधे (विंडोजच्याही आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग), विंडोजमधे, राउटरमधे, आणि त्यातला कुठलाही एक चुकला तरी लक्षण एकच: शांतता.

पहिला वीकेंड बायॉसने खाल्ला. तिथे हे फीचर सरळ 'वेक ऑन लॅन' नावाने असेल तर तुमचं नशीब. माझ्या बोर्डावर ते 'पॉवर ऑन बाय पीसीआय-ई' नावाने होतं, काहींमधे 'रिझ्यूम बाय लॅन', काहींमधे 'पीएमई इव्हेंट वेक अप'. शोधलं, चालू केलं, सेव्ह केलं, शटडाउन केलं, फोनवरून पॅकेट मारलं. शांतता. परत मारलं. दहा वेळा मारलं. मग खाली वाकून मागे बघितलं आणि तिथे या सगळ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट सापडली, जी मला कुणी आधी सांगितली असती तर एक वीकेंड वाचला असता. कॉम्प्युटर बंद केल्यावर मागच्या लॅन पोर्टचा दिवा बघायचा. दिवा चालू असेल, मंद का होईना, लुकलुकत असेल, तर वॉचमन जागा आहे. दिवा पूर्ण विझला असेल तर कार्डाला वीजच नाहीये, मग तुम्ही जगातलं कुठलंही ॲप वापरा, काही होणार नाही. माझा दिवा विझलेला होता.

कारण निघालं त्याच बायॉसमधे दोन पानं पुढे, 'ईआरपी रेडी' नावाची सेटिंग. ही युरोपातल्या वीज वाचवायच्या नियमांसाठी असते, बंद उपकरणाने किती वीज खायची याची मर्यादा त्यांनी २०१० ला १ वॅट केली आणि २०१३ ला अर्धा वॅट. ही सेटिंग चालू असली की बोर्ड शटडाउननंतर सगळ्यांचीच वीज तोडतो, वॉचमनची पण. नियम चांगलाच आहे, वाईट काही नाही, पण दोन सेटिंग एकमेकींच्या थेट विरुद्ध आणि बायॉस मात्र दोन्ही चालू ठेवू देतो, एका शब्दानेही टोकत नाही. ईआरपी बंद केलं, शटडाउन केलं, खाली वाकले, दिवा लुकलुकतोय! मला त्या एवढ्याशा दिव्याचा इतका आनंद झाला की सांगायला नको. काही ब्रँडेड मशीनमधे याच प्रकाराला 'डीप स्लीप' म्हणतात, नाव वेगळं पण त्रास तोच, तेही बंद करायचं.

दिवा लागला, आता तरी उठेल? नाही. शांतता.

इथे दुसरा वीकेंड. आपल्याकडे म्हणतात ना, झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, ही म्हण बहुतेक विंडोजच्या फास्ट स्टार्टअपवरूनच निघाली असावी. विंडोज ८ पासून साधं शटडाउन म्हणजे खरं शटडाउन नसतं, ते अर्धवट हायबरनेट असतं, सिस्टीमचा एक भाग डिस्कवर लिहून ठेवायचा म्हणजे उद्या चालू होताना लवकर होतं. या अवस्थेतून नेटवर्कवरून उठणं सपोर्टेड नाही. स्लीपमधून उठेल, नीट हायबरनेटमधून उठेल, पण या मधल्या अवस्थेतून नाही. काही बोर्डांवर तरीही उठतो असं ऐकलंय, पण त्या भरवशावर राहू नका. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'पॉवर बटणं काय करतात' तिथे जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढायची. एसएसडी असेल तर सकाळी दोन-चार सेकंदांचा फरक पडतो, तेवढा मला चालतो.

त्याच बैठकीत डिव्हाइस मॅनेजरमधे नेटवर्क कार्डाचं पण बघून घ्या. पॉवर मॅनेजमेंट टॅबमधे, या डिव्हाइसला कॉम्प्युटर जागा करू द्या, आणि त्याच्याखाली, फक्त मॅजिक पॅकेटनेच करू द्या, दोन्ही टिक हव्यात. दुसरी टिक का हवी ते पुढे येतंय, तो किस्सा वेगळा आहे. ॲडव्हान्स्ड टॅबमधे 'वेक ऑन मॅजिक पॅकेट' आणि काही कार्डांवर वेगळं 'शटडाउन वेक-ऑन-लॅन' असतं, दोन्ही एनेबल. हे शेवटचं माझ्या कार्डात डिसेबल होतं, त्यामुळे स्लीपमधून उठायचा आणि शटडाउनमधून नाही, आणि मी वेड्यासारखी केबल बदलत बसले होते.

लिनक्सवाल्यांचं जरा सोपं आहे कारण तिथे निदान विचारता तरी येतं. ईथटूल चालवायचं, कार्डाचं नाव द्यायचं, खाली 'वेक-ऑन' समोर एक अक्षर येतं, 'जी' असेल तर मॅजिक पॅकेट चालू, 'डी' असेल तर बंद. 'डी'चं 'जी' एका कमांडने होतं. फक्त ते रीबूटनंतर टिकेलच असं नाही, त्यामुळे नेटवर्कमॅनेजरच्या कनेक्शनमधे कायमचं लिहून ठेवा. बास, एवढंच. ॲपलच्या मॅकवर तर फारसं काही करायचंच नाही, सेटिंगमधे 'वेक फॉर नेटवर्क ॲक्सेस' चालू केलं की झालं, पण ते स्लीपमधूनच उठतं, मॅक पूर्ण बंद केलात तर मग घरी फोन करा.

तर रविवारी संध्याकाळी, सोफ्यावर बसून, फोनवर टिचकी मारली आणि आतल्या खोलीतून पंख्याचा आवाज आला. खरं सांगते, मी ओरडले. मग परत बंद केला, परत उठवला, आईला बोलावून दाखवलं, ती म्हणाली "बरं झालं, माझी सुटका झाली", आणि मी लगेच राउटरमधे पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून आलेलं डेस्कटॉपकडे पाठवायची वाट उघडली, मोबाईल डेटावर गेले, बाहेरून पॅकेट मारलं, तेही चाललं! झालं की, अजून काय पाहिजे. सोमवारी बॅग उचलली आणि निघाले.

सोमवारी दुपारी टिचकी मारली. शांतता.

हा तिसरा वीकेंड, आणि हे नीट वाचा कारण इथे बरेच जण फसतात आणि मग 'हे फीचरच बेभरवशाचं' म्हणून सोडून देतात. मी टेस्ट कधी केली होती? बंद केल्यावर दोन मिनिटांनी. बाहेरून पॅकेट येतं ते राउटरकडे, आणि राउटरला ते डेस्कटॉपच्या आयपीवर, म्हणजे नेटवर्कवरच्या त्याच्या पत्त्यावर द्यायचंय. आयपी कुठल्या मॅक ॲड्रेसचा हे राउटर एका तक्त्यात लिहून ठेवतो, एआरपी टेबल. कॉम्प्युटर नुकताच बंद झालाय तोवर ती नोंद ताजी असते, पॅकेट पोचतं, तो उठतो. पण ती नोंद काही मिनिटांतच शिळी होते आणि पुसली जाते. मग राउटर विचारतो, अरे हा आयपी कुणाचा? उत्तर कोण देणार, ज्याचा आहे तो झोपलाय. पॅकेट गेलं कचऱ्यात. म्हणजे टेस्ट केली की चालतं आणि गरज लागली की चालत नाही, याच्यापेक्षा छळवादी बग मी तरी बघितला नाही, आणि गंमत म्हणजे हा बग नाहीच, प्रत्येकजण आपापलं काम चोख करतोय.

घरातल्या घरात हे होत नाही कारण तिथे ॲप ब्रॉडकास्ट करतं, म्हणजे नाव न घेता सगळ्यांच्या दारावर एकदम थाप, त्याला कुठल्या तक्त्याची गरज नाही. पण ब्रॉडकास्ट राउटर ओलांडून आत येत नाही, आणि येऊही नये. बाहेरून आख्ख्या नेटवर्कला ब्रॉडकास्ट मारायची सोय एकेकाळी राउटरमधे सर्रास उघडी असायची, तिचा गैरवापर करून लोकांनी दुसऱ्यांची नेटवर्कं पाडली, म्हणून १९९९ पासून ती बाय डिफॉल्ट बंद ठेवायची असा नियमच झाला. त्यामुळे राउटरमधे खाडाखोड करून ते भोक परत पाडू नका. काही राउटरमधे कायमची एआरपी नोंद करता येते, तो एक जुगाड आहे, पण पोर्ट फॉरवर्ड उघडा ठेवायचा म्हणजे मला तरी झोप लागत नाही.

मग वाटलं व्हीपीएन आहे ना, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंत जाणारा सुरक्षित बोगदा, घरच्या राउटरला वायरगार्ड नावाच्या व्हीपीएनने जोडायचं आणि मग आपण घरातच. इथे परत अपेक्षाभंग. वायरगार्ड आयपीच्या थरावर चालतं, म्हणजे आयपी पत्त्यावर पाठवलेलंच पुढे नेतं, घरातला ब्रॉडकास्ट त्या बोगद्यातून जात नाही. व्हीपीएन लावून फोनवरच्या ॲपमधून पॅकेट मारलं तरी ते घरच्या वायरवर उतरतच नाही, आणि ॲप? हिरवी टिक!

खरा उपाय एकच, जो मला आता इतका उघड वाटतो की आधी का सुचला नाही. हाक घरातूनच मारायची. घरात कुणीतरी जागा हवा, जो चोवीस तास चालू असतो आणि ज्याला वीज फारशी लागत नाही. असा एकजण प्रत्येक घरात असतोच, राउटर. बऱ्याच राउटरमधे वेक-ऑन-लॅनचं पान असतं, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं एक मोफत सॉफ्टवेअर) टाकलेलं असेल तर ते वरून बसवता येतं, लिस्टमधून मशीन निवडा, बटण दाबा. माझ्या राउटरमधे नव्हतं, म्हणून कपाटात पडलेला जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) बाहेर काढला, राउटरला केबलने जोडला, त्यावर वेकऑनलॅन नावाचं इवलंसं टूल टाकलं. आता मी बाहेरून व्हीपीएनने घरात येते, पायवर लॉगिन करते, पाय ब्रॉडकास्ट मारतो. पोर्ट फॉरवर्ड काढून टाकला. मग फोनच्या होमस्क्रीनवर एक शॉर्टकट केला जो हे सगळं एका टिचकीत करतो, आणि मग मी त्या शॉर्टकटमधे ती गोष्ट घातली जी या फीचरमधे पहिल्यापासून असायला हवी होती: पॅकेट मारून झालं की पाय दर पाच सेकंदांनी डेस्कटॉपला पिंग करतो, म्हणजे 'आहेस का?' विचारतो, आणि उत्तर आलं की मला फोनवर मेसेज, 'उठला'. दोन मिनिटांत नाही आलं तर 'उठत नाहीये'. विंडोजची फायरवॉल बहुतेक वेळा पिंगला उत्तर देत नाही, तेवढा एक नियम उघडावा लागला. पण 'ओ' मिळाली! तेव्हापासून जीव शांत आहे.

ॲपबद्दल लोक फार विचारतात, कुठलं चांगलं, कुठलं वाईट. मी चार-पाच वापरून बघितली आणि माझं प्रामाणिक मत असं की सगळी सारखीच, कारण सगळी तेच १०२ बाइट पाठवतात. कुणी ७ नंबरचं पोर्ट वापरतं कुणी ९ चं, त्यावर लोक हमरीतुमरीवर येतात, पण कार्ड पोर्ट बघतच नाही, त्याला फक्त आतली ती सोळा वेळा मारलेली हाक दिसते. आणि ९ नंबरचं पोर्ट तर मुळात 'डिस्कार्ड'चं, आलेलं सगळं फेकून द्यायचं, एवढाच त्याचा नियम, तिथे जादूचं पॅकेट पाठवायचं कुणाला सुचलं त्याला माझा नमस्कार. ज्या ॲपला जाहिराती नाहीत ते घ्या. ज्याला लोकेशनची परमिशन हवीये ते घेऊ नका. झालं ॲपचं. पॅकेट खरंच पोचतंय का याची शंका असेल तर डेस्कटॉप चालू असताना त्यावर वायरशार्क (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा, फिल्टरमधे डब्ल्यूओएल टाका आणि दुसरीकडून पॅकेट मारा. दिसलं तर नेटवर्क ठीक आहे, दोष बायॉस-विंडोजकडे. नाही दिसलं तर उलट.

वायफायवरून होतं का? लॅपटॉप स्लीपमधे असेल आणि कार्ड सपोर्ट करत असेल तर होतं कधीकधी, पूर्ण बंदमधून जवळजवळ नाहीच. यूएसबीच्या लॅन डोंगलचंही तेच. केबल टाका, वाद संपला.

आता तो दुसऱ्या टिकचा किस्सा. सेटअप झाल्यावर पहिल्याच आठवड्यात रात्री पावणेतीनला डेस्कटॉप आपोआप चालू. खोलीभर आरजीबीचा उजेड. मी म्हटलं चुकून शॉर्टकटला बोट लागलं असेल. दुसऱ्या रात्री परत. आईचं म्हणणं होतं "काहीतरी बाहेरचं आहे हे", आणि तांत्रिकदृष्ट्या ती बरोबरच निघाली, बाहेरूनच येत होतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी /लास्टवेक मारलं, उत्तर आलं, नेटवर्क कार्ड. झालं होतं असं की मी कॉम्प्युटर स्लीपमधे ठेवत होते, आणि 'फक्त मॅजिक पॅकेट'ची टिक नसल्यामुळे कार्ड साध्यासुध्या पॅटर्नवरही उठत होतं, नेटवर्कवरच्या कुठल्याही उपकरणाने सहज जरी त्याची चौकशी केली की हा ताडकन उभा. टिक लावली, भूत गेलं. एकदा ड्रायव्हर अपडेट झाल्यावर त्या टिका परत पुसल्या गेल्या होत्या, तेव्हा आता अपडेटनंतर एकदा डोकावून बघायची सवय लावून घेतलीये.

अजून एक सांगायचं राहिलं, मशीन उठलं म्हणजे काम झालं असं नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल आणि चालू होतानाच पासवर्ड किंवा पिन मागत असेल, तर मशीन इमानदारीत उठेल आणि त्या काळ्या स्क्रीनवर तुमची वाट बघत बसेल, तुम्ही शंभर मैलांवर. माझ्या दुसऱ्या लिनक्स मशीनचं हेच झालं, पिंग नाही, एसएसएच (लांबून लॉगिन करायची सोय) नाही, मी परत वेक-ऑन-लॅनलाच शिव्या घालत होते. त्यासाठी बूटच्या आधीच एसएसएचने पासवर्ड देता येईल अशी सोय करता येते, किंवा मग शटडाउन न करता स्लीपमधे ठेवा. मी स्लीप निवडलं.

सुरक्षेचं म्हणाल तर यात सुरक्षा नावाची गोष्टच नाहीये. ज्याला तुमचा मॅक ॲड्रेस माहितीये आणि जो तुमच्या नेटवर्कवर आहे तो तुमचं मशीन उठवू शकतो. सिक्युअरऑन नावाचा एक ६ बाइटचा पासवर्ड काही कार्डांत असतो, पण तो उघडाच जातो, कुणीही वाचावा. पण उठवण्यापलीकडे त्या पॅकेटने काहीच होत नाही, ना आत शिरता येतं ना बंद करता येतं. फार तर कुणी खोडी काढेल. घराचं दार मजबूत ठेवा, म्हणजे व्हीपीएन, आतल्या हाकेची काळजी नको.

विजेचं माझ्या प्लगच्या मीटरवर असं दिसतं की नुसता चालू ठेवला तर पन्नास-साठ वॅट, आणि बंद ठेवून वॉचमन जागा ठेवला तर दोन वॅटच्या आत. एवढ्यासाठी तर हे सगळं केलं.

आणि वीज गेली तर? हा या फीचरचा खरा कच्चा दुवा. वीज जाऊन आली की बऱ्याच बोर्डांवर कार्ड परत जागं होत नाही, मशीन एकदा नीट चालू होऊन बंद व्हावं लागतं, मगच वॉचमन ड्युटीवर येतो. यावर उपाय बायॉसमधे आहे, वीज परत आल्यावर काय करायचं अशी सेटिंग असते, ती 'पॉवर ऑन' वर ठेवायची, म्हणजे वीज आली की मशीन आपोआप चालू होतं, मग तुम्ही लांबून बंद करा नाहीतर राहू द्या. माझ्याकडे आता स्मार्ट प्लगपण आहे त्याच्यामागे, शेवटचा उपाय म्हणून, अगदीच उठेना तर प्लग बंद करून चालू करायचा, पण मशीन खरंच बंद आहे याची खात्री असेल तरच, नाहीतर चालत्या डिस्कची वीज तोडाल.

प्लग घ्यायची वेळ कशी आली तेही सांगते. गेल्या महिन्यात तीन दिवस ओळीने मेसेज, 'उठत नाहीये'. सगळं तपासलं लांबूनच, पाय जागा, राउटर जागा, पॅकेट जातंय. शेवटी घरी फोन.

"आई, टेबलाखाली मागच्या बाजूला एक बारीक दिवा लुकलुकतोय का बघ ना."

"तो ना? तू नसताना उगाच चालू राहायचा, म्हणून मी भिंतीवरचं बटणच बंद करून ठेवलंय. तीन दिवस झाले."